इरण्णामामांनी दिलेला फाउल

इरण्णामामा पंच म्हणून उभे राहिले की डोळे मिटून घ्यायचे. टेबलाच्या मधोमध, एका बाजूला उभे राहून उजव्या हाताचा तळवा लाकडी कडेवर सपाट ठेवायचे, हनुवटी छातीकडे झुकवायची आणि डाव थांबेपर्यंत तसूभर हलायचं नाही. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात मिलच्या ड्रायव्हरचा खाकी शर्ट. नव्यानं बघणाऱ्याला वाटायचं, हा माणूस उभ्या उभ्या झोपलाय. मग कुणीतरी चुकीचा पास द्यायचा आणि त्या झोपेतूनच शांत आवाज यायचा, "फाउल. ओंदु." ओंदु म्हणजे कानडीत एक. बॉल टेबलावरच्या एकाच लाकडी बाहुल्याला लागून पुढं गेला, एवढाच त्याचा अर्थ. खेळणारा मान खाली घालून बॉल समोरच्याला देऊन टाकायचा. त्यांच्या निकालावर वाद घालायचं कुणाच्या मनात यायचं नाही. सोलापूरच्या आमच्या क्लबात तो वाद पहिल्यांदा मी घातला.

गोष्ट सत्तरच्या दशकातली, दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाल्यानंतरची. आमच्या मिलमध्ये नवे माग बसवायला एक परदेशी इंजिनियर वर्षभर राहून गेला होता. त्यानं आपल्या करमणुकीसाठी आणलेलं टेबल जाताना कामगारांच्या क्लबाला दिलं. चार पायांची मोठी पेटी, तिच्यात आरपार गेलेले आठ लोखंडी दांडे आणि दांड्यांवर ओवलेले लाकडी बाहुले. दांडा फिरवला की बाहुल्याचा पाय बॉलला लागतो. नाव टेबल फुटबॉल. आम्ही त्याला दांड्यांचा फुटबॉल म्हणायचो. पहिले सहा महिने क्लबात नुसती धुळवड चालायची. दांडे गरागरा फिरवायचे, बॉल कुठंही उडायचा, कधी गोलात, कधी कॅरम खेळणाऱ्यांच्या अंगावर.

टेबलाबरोबर इंग्रजी नियमांचा एक कागद आला होता. मी तेव्हा टाइम ऑफिसात तात्पुरता कारकून होतो आणि बार्शीच्या कॉलेजात दोन वर्षं काढल्यामुळं क्लबातला इंग्रजीवाला मानला जायचो. एके दिवशी इरण्णामामा तो कागद घेऊन माझ्यासमोर बसले.

"वसू, ह्यात काय लिवलंय वाचून सांग की. खेळ म्हंजे नुसता हाणामारीचा नसतोय."

मी वाचत गेलो. मधल्या दांड्यावर पाच बाहुले, पुढच्यावर तीन. पाचांकडून तिघांकडे बॉल द्यायचा तो पास. ह्या दोन दांड्यांच्या मध्ये समोरच्यांचे पाच बाहुले भिंतीसारखे उभे असतात, त्यांच्या फटींतून तो काढावा लागतो. दहा सेकंदांच्या आत द्यायचा. आणि बॉल एकदा थांबला की पुढं जाण्याआधी तो दोघांना लागला पाहिजे. हे शेवटचं कलम मी झटक्यात समजावलं: एकाच बाहुल्यानं दोनदा हात लावला की झालं.

मामांनी मान हलवली. मग म्हणाले, "न्हाय. चुकतंय तुजं. परत वाच."

मी परत वाचलं. खरोखरच चुकलं होतं. दोन वेगळे बाहुले, असं स्पष्ट लिहिलं होतं. इंग्रजीचं अक्षर न येणाऱ्या माणसानं माझी चूक कशी पकडली, ते मला कळेना. मी विचारलं तेव्हा त्यांनी टेबलाजवळ नेऊन दाखवलं. बॉल एका बाहुल्याच्या पायाखाली थांबवला.

"आता हा बॉल झोपला. समोरचा बी जरा सैल पडतो. तवाच हाणला तर त्याला कळायचं कसं? झोपलेल्याला मारू ने, वसू. ह्यानं त्याला ढकलायचा," त्यांनी शेजारच्या बाहुल्याकडं बॉल सरकवला, "मग त्यानं पुढं द्यायचा. बॉल हलला की समोरचा जागा हुतो. जाग्या माणसाला हरिव, मग मी टाळी वाजिवतो. ओंदु न्हाय, एरडु."

एरडु म्हणजे दोन. त्या दिवसापासून आमच्या क्लबाचा हा मंत्र झाला, आणि मामा आपोआप पंच झाले.

ते मूळचे अक्कलकोटच्या पलीकडच्या एका खेड्यातले. घरी कानडी, बाहेर मराठी. बायको वारल्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मिलची एक जुनी बस होती, ती कॉलनीतल्या मुलामुलींना गावातल्या शाळांत नेऊन सोडायची आणि दुपारी परत आणायची. ती बस मामा चालवायचे. सोळा वर्षांत एकदाही उशीर नाही. सकाळचा भोंगा झाला की बस फाटकाशी उभी. चढताना एखाद्या पोरीच्या दप्तराचा पट्टा तुटलेला दिसला तर मामांच्या सीटखालच्या डब्यात सुई-दोरा निघायचा. "गाडी माजी, गाडीतलं समदं माजं," असं म्हणायचे. माझी धाकटी बहीण सुधा नववीत होती, तीही त्याच बसनं जायची.

त्या बसबद्दल सुधानं मला एकदा जेवताना सांगितलं होतं. "दादा, मामा हल्ली आमच्याशी एक खेळ खेळतात. आम्ही चौघी पुढं बसतो. ते विचारतात, डावीकडं काय हाय गं? की आम्ही सांगायचं, सायकल, म्हैस, टांगा. उजवीकडच्या दोघींनी उजवीकडचं सांगायचं."

मी हसलो होतो. पण भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला होता हेही मला आठवतं. कारण त्याच महिन्यात मामांनी फाटकावरची नोटीस मला वाचायला लावली होती. ती मराठीत होती आणि मराठी त्यांना चांगलं वाचता यायचं. "चष्मा इसरलो," म्हणाले होते. त्यांच्याकडं चष्मा मी कधी पाहिला नव्हता. शिवाय बसच्या डाव्या अंगाला जकात नाक्याच्या खांबाचा रंग लागलेला होता, तो त्यांनी फडक्यानं घासून काढायचा प्रयत्न केला होता. हे सगळं मला दिसत होतं. मी ते एकत्र करून पाहिलं नाही. करायचं नव्हतं, हे जास्त खरं.

पुढं गावातल्या आणखी दोन-तीन ठिकाणी सुतारांकडून तसलीच टेबलं करून घेतली गेली आणि स्पर्धा ठरली. प्रत्येक ठिकाणची एक जोडी. जिंकणारी जोडी पुण्याला मोठ्या सामन्यांसाठी जाणार होती. आमच्याकडून मी आणि नरसय्या. नरसय्या आमच्याच मिलमधला विणकर, घरी तेलुगू बोलणारा, हाताचा अतिशय शांत. मागचे दोन दांडे तो धरायचा, पुढचे दोन मी. आमचे लेबर ऑफिसर जोगळेकर साहेब ह्यांनी मला ऑफिसात बोलावून सांगितलं, "गायकवाड, पुण्याला मिलचं नाव घेऊन जा. मग तुमच्या पर्मनंटचं मी वर बोलतो." तीन वर्षं मी तात्पुरताच होतो. दर सहा महिन्यांनी कागद पुढं सरकायचा आणि दर सहा महिन्यांनी आई देवापुढं साखर ठेवायची. साहेबांचं ते वाक्य मी घरी कुणाला सांगितलं नाही, पण झोपेतसुद्धा ते माझ्या कानात वाजत होतं.

अंतिम सामना आमच्याच क्लबात, रविवारी दुपारी झाला. समोर पॉलिटेक्निकची जोडी, दोन हसरी, उंच पोरं. बाहेर उन्हाळा नुसता पेटला होता. पत्र्याच्या छपराखाली दीडशे माणसं कोंबलेली. खिडक्यांच्या गजांना माणसं लटकलेली. पंच कोण, हा प्रश्नच आला नाही. पॉलिटेक्निकवाल्यांनीच मामांचं नाव सुचवलं होतं.

आधी पाच गोल करील त्याचा सामना. आम्ही तीन–एक असे पुढं होतो, मग तीन–तीन, मग चार–चार. शेवटचा गोल. हाताला इतका घाम सुटला होता की दांडा मुठीत फिरायचा. नरसय्यानं मागून बॉल काढून माझ्या पाचाच्या दांड्यावर आणून दिला. मी तो दुसऱ्या बाहुल्याच्या पायाखाली दाबून थांबवला. मामांची बोटं कडेवर सेकंद मोजत टकटक वाजत होती. चार. पाच. पुढची वाट बंद होती. समोरचा पोरगा माझी फट बरोबर ओळखून आपले बाहुले सरकवत होता. सहा. सात. लोक ओरडत होते. आणि आठव्या टकटकीला त्या पोरानं दांड्यावरचा एक हात काढला आणि पँटला पुसला. क्षणभरच. बॉल शेजारच्या बाहुल्याला द्यायला मला अर्धा सेकंद लागला असता आणि तेवढ्यात त्याचा हात परत आला असता. मी बॉल दिला नाही. होता तिथूनच, एकाच बाहुल्यानं पुढं मारला. तिनाच्या दांड्यानं उचलला आणि गोलात घातला.

छप्पर उडेल असा गलका झाला. कुणीतरी मला मागून उचललं. जोगळेकर साहेब टाळ्या वाजवत होते. पॉलिटेक्निकच्या पोरानं तर हात पुढं केला होता माझा हात हातात घ्यायला.

"फाउल," मामा म्हणाले. "ओंदु."

आधी पुढच्या चार जणांनाच ऐकू गेलं. मग जसजसं मागं कळलं तसतसा आवाज विझत गेला.

"दोन लागले," मी म्हणालो.

"एकच लागला, वसू."

"दोन लागले, मामा. मला माहीत नाही का? मी खेळतोय."

जोगळेकर साहेबांनी पॉलिटेक्निकच्या पोरांना विचारलं. त्यांनी खांदे उडवले. त्यांना नीट दिसलं नव्हतं. नरसय्याला विचारलं. तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता, त्याला दिसलं नसेल असं होऊच शकत नव्हतं. तो आपल्या दांड्याच्या मुठीकडं बघत राहिला आणि पुटपुटला, "लक्ष नव्हतं, साहेब."

"हत्तुरे, तुमची खात्री आहे?" साहेब मामांना म्हणाले. "एवढा गोंगाट होता."

"खात्री हाय, साहेब. हाताला कळतंय. एकच ठोका आला."

"हाताला?" मी म्हणालो. माझा आवाज चिरका झाला होता. पुणं, कागद, आईची साखर, सगळं एका म्हाताऱ्याच्या तळव्याखाली दबलं होतं. "डोळे मिटून उभे होता तुम्ही. तुम्हाला दिसलं तरी का? तुम्हाला काही दिसतं तरी का, मामा?"

काही लोक हसले. मी थांबायला हवं होतं.

"उघडा डोळे. साहेबांच्या हातात काय आहे, सांगा बरं."

मामांनी डोळे उघडले. साहेब त्यांच्या डाव्या बाजूला, चार हातांवर उभे होते, हातात पांढरा रुमाल. मामांनी मान हळूहळू वळवली. नळीतून बघणारा माणूस वळवेल तशी. नजर साहेबांच्या चेहऱ्यावरून पुढं गेली, भिंतीपर्यंत गेली, परत आली, पुन्हा त्यांना ओलांडून गेली. साहेब मघाशी बोलले होते तेव्हा त्यांचा आवाज कुठून आला हे मामांना ठाऊक होतं. त्या दिशेला तोंड करून "रुमाल" किंवा "कप" म्हणून मोकळं होता आलं असतं. ते तसे उभे राहून विचार करत होते, हे मला अगदी स्पष्ट दिसत होतं.

"साहेब कुटं हायत, ते दिसंना मला," ते म्हणाले. "बाजूचं समदं गेलंय. म्होरलं बी धुकट हाय."

मग त्यांनी शर्टाच्या खिशातून बसची किल्ली काढली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली.

"ही घ्या. पर बॉल एकालाच लागला. सामना पुरा करा."

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांची स्वतःची मुलगीही त्या बसनं जायची. त्यांनी दुसरा पंच बघा म्हणून सांगितलं, तेव्हा पॉलिटेक्निकचा तो हात पुसणारा पोरगा म्हणाला, "पंच हेच राहू देत, सर. आमची हरकत नाही." मामांनी परत तळवा कडेवर ठेवला. नियमाप्रमाणं बॉल समोरच्यांना दिला. त्या पोरानं तो थांबवला, शेजारच्या बाहुल्याला दिला, मग पुढं. "एरडु," मामा म्हणाले. पुढच्याच क्षणी गोल झाला. माझे हात दांड्यावर होते, पण मी तो अडवला की नाही अडवला, मला काहीच आठवत नाही.

सोमवारी बस दुसऱ्याच माणसानं चालवली. मामांना सिव्हिल हॉस्पिटलात नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

कॉलनीत आग लागल्यासारखं झालं. संध्याकाळी बायका मामांच्या खोलीसमोर जमल्या. माझी आईही त्यांत होती. जी माऊली त्यांना दर सणाला ताट पाठवायची, ती दारात उभी राहून म्हणाली, "माझी पोर त्या गाडीत बसायची, इरण्णा. तुमचा हात धजला कसा?" मामा उंबऱ्यावर बसून होते. जी बोलेल तिच्या आवाजाकडं तोंड वळवायचे आणि ऐकून घ्यायचे. शेवटी सगळ्या दमल्या तेव्हा ते म्हणाले, "तुमचं खरं हाय, बाई." आणि आत गेले.

आणि मी? मी कॉलनीचा देव झालो. वसंतानं भर सभेत विचारलं म्हणून कळलं, वसंतानं पोरं वाचवली. शेजारच्या काकूंनी माझी दृष्ट काढली. जोगळेकर साहेबांनी पाठीवर थाप मारली आणि पुणं नाही तर नाही, पर्मनंटचं मी बोलतोच, म्हणाले. पंधरा दिवसांत कागद हातात आला. आईनं पेढे वाटले. मी खोटं बोललो होतो, आणि त्या खोट्याच्या पोटी काहीतरी खरं बाहेर पडलं होतं, आणि लोक त्या खऱ्याचे हार माझ्या गळ्यात घालत होते.

फक्त सुधा माझ्याशी बोलत नव्हती. एका दुपारी मी तिला धरून विचारलं.

"आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "चौघींनाही."

"काय माहीत होतं?"

"मामांना बाजूचं दिसत नाही ते. म्हणून तर आम्ही पुढं बसायचो. वैशूला ताप होता तरी ती आली होती, तिची जागा रिकामी राहू नये म्हणून. मामांना वाटायचं, आम्ही खेळ समजून ओरडतो."

मी म्हणालो, "अगं, एखाद दिवशी काय झालं असतं, कळतं का तुला?"

"कळतं," सुधा म्हणाली. "तुलाही माहीत होतं की. मी तुला सांगितलं होतं. तू हसलास." मग म्हणाली, "आणि बॉल किती जणांना लागला होता, दादा?"

त्या मुलीच्या नजरेसमोर बसवेना, म्हणून चप्पल घालून बाहेर पडलो. तरी मामांच्या खोलीपर्यंत जायला मला आणखी तीन आठवडे लागले. फाटकापर्यंत जायचो आणि परत फिरायचो.

मी गेलो तेव्हा मामा सामान बांधत होते. गावाकडं भाऊ होता, त्याच्याकडं चालले होते. भिंतीला पाठ लावून बसले होते, पुढ्यात भांडी. एकेक भांडं उचलायचे, बोटानं वाजवायचे आणि पोत्यात ठेवायचे.

"कोण? वसू न्हवं?" मी काही बोलायच्या आत ते म्हणाले.

"हो, मामा."

"पायरीवर डावा पाय घासतोस तू. मला वाटलंच. पर आता वाटलं तरी भरवसा ऱ्हायला न्हाय." त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "बस. एक इचारायचं हुतं तुला. खरं सांगशील?"

मी बसलो. मला वाटलं, आता ते विचारणार, चारचौघांत माझी इज्जत का काढलीस. त्याचं उत्तर मी तीन आठवडे घोकून ठेवलं होतं.

"त्या रविवारी बॉल एकालाच लागला हुता का?" ते म्हणाले. "म्हंजे, तू मला लबाड ठरिवलंस म्हणून इचारत न्हाय. तसं न्हाय. डोळं गेलं ते गेलं. दोन वर्सं मला कळत हुतं आनि मी कुणाला बोललो न्हाय, ते पाप माजं, तुजं न्हाय. दुसऱ्याचा फाउल मी लगी धरायचो, माजा मी गिळून बसलो. तू इचारलंस ते बरोबरच इचारलंस. पर तू म्हणालास दोन लागलं. तो नरसय्या बी गप ऱ्हायला. म्हणून मला वाटाय लागलं, कान बी फसिवत्यात आता. हात बी फसिवतोय. रोज रातच्याला पडलो की तो ठोका आठवतो. एक हुता की दोन? आता ह्या कानांवरच जगायचं हाय. तेच खोटं असतील तर मी काय करू? म्हणून इचारतो."

ह्यासाठी मी काहीच घोकून आलो नव्हतो. मी एका माणसाचं उरलेलं सुरलेलं काढून घेतलं होतं आणि मला त्याचा पत्तासुद्धा नव्हता.

"एकच, मामा," मी म्हणालो. "एकालाच लागला होता. मला तेव्हाच माहीत होतं."

मामांचा तळवा जमिनीवर टेकलेला होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला आधी वाटलं, रडतायत. रडत नव्हते.

"म्हंजे कान हायत," ते म्हणाले. "साकु. बास झालं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं थांबवलं. "माज्याजवळ नको. त्या पॉलिटेक्निकच्या पोरानं मला पंच ऱ्हाऊ दिलं. त्याला सांग. क्लबात सांग. हितं एकट्यात सांगून काय उपेग?"

त्या रविवारी मी क्लबात उभा राहिलो आणि सांगितलं. सोपं नव्हतं आणि लोकांना ते आवडलंही नाही. एकदा हार घातलेल्या माणसानं तो काढून दिला की घालणाऱ्यालाच राग येतो. जोगळेकर साहेब एवढंच म्हणाले, "आता ह्याचं काय करायचं, गायकवाड?" आई चार दिवस बोलली नाही, तिला पेढे आठवत असावेत. पण मी बोलून खाली बसलो तेव्हा मागच्या बाकावरून नरसय्या उठला. "मीपण बघितलं होतं," म्हणाला, आणि बाहेर निघून गेला. आम्ही दोघं पुन्हा कधी जोडीनं खेळलो नाही. पॉलिटेक्निकच्या पोराला मी हॉस्टेलवर जाऊन भेटलो. त्यानं चहा पाजला आणि विषय बदलला.

मामा गेले त्या दिवशी अक्कलकोटच्या एसटीपर्यंत पोत्याचं ओझं मी नेलं. सुधा आणि तिच्या तिघी मैत्रिणी आल्या होत्या. मुलींना ठाऊक होतं, हे सुधानं तोवर मामांना सांगून टाकलं होतं. त्यांनी चौघींच्या डोक्यावर एकेक करून हात ठेवला आणि कडक आवाजात म्हणाले, "पोरींनो, परत कुणासाटी असं करू नगा." सुधा मान हलवून हो म्हणाली. मग तिला वाटलं, मान हलवलेली त्यांना दिसली नसेल, म्हणून तोंडानं "हो" म्हणाली.

गावी त्यांच्या भावाची पिठाची गिरणी होती. दोन वर्षांत मामांची दृष्टी पुरती गेली, पण गिरणीवर तेच बसत. चक्कीच्या घरघरीत थोडा बदल झाला की दगडाला टाकी लावून खडबडीत करायची वेळ झाली हे त्यांना आधी कळायचं. मी तीनदा जाऊन आलो. तिन्ही वेळा त्यांनी मला पायरीवरच ओळखलं. सामन्याचा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. भाकरी आणि शेंगाची चटणी खायची, मिलमध्ये कोण आहे, कोण गेलं ते सांगायचं, संध्याकाळच्या एसटीनं परतायचं.

मग त्यांच्या पुतण्याचं कार्ड आलं, काका लिंगैक्य झाले. मी पोचेपर्यंत माती होऊन गेली होती. पुतण्या गिरणीच्या ओट्यावर बसला होता. मी नाव सांगितल्यावर त्यानं मला नीट निरखून पाहिलं.

"तुमीच व्हय ते वसू," तो म्हणाला. "काका लई वेळा नाव काढायचं तुमचं."

काय म्हणायचे, हे विचारायचा धीर मला होईना. तरी विचारलं.

"म्हणायचं," पुतण्यानं जरा आठवून सांगितलं, "सोलापुरात एक पोरगं हाय. त्यानं मला खरं सांगितलं. लई उशिरा सांगितलं, पर सांगितलं."